मोकळें कुत्रें आणि रिकामा माळ

कुत्रें पाळणें ही गोष्ट आतां सोलापुरांतील सुशिक्षित घरांत नवलाईची राहिलेली नाहीं, आणि तिच्याविरुद्ध आमची कांहीं तक्रारहि नाहीं. आमची तक्रार आहे ती एका नव्या रीतीविषयीं. रविवारच्या सकाळीं कुत्र्याला मोटारींत घालावें, बार्शीच्या किंवा तुळजापूरच्या वाटेवरील एखाद्या माळावर न्यावें, तेथें दार उघडून त्याची साखळी काढावी, आणि तें दिसेनासें होईपर्यंत धांवत गेलें म्हणजे ‘बिचाऱ्याला आज मोकळें रान मिळालें’ असें म्हणून समाधान मानावें, ही ती रीत होय. ही रीत पाडणारे लोक दुष्ट नाहींत. मुक्या जिवाविषयीं त्यांना इतरांपेक्षां अधिक माया आहे, आणि म्हणूनच त्यांच्याशीं वाद घालण्यांत कांहीं हशील आहे. ज्याला प्राण्यांचें सुखदुःख ठाऊकच नाहीं त्याच्यापुढें हा विषय काढणें व्यर्थ होय.

आमचें म्हणणें थोडक्यांत सांगतों. माळावर फिरायला जावें, कुत्र्याला बरोबर घेऊन अवश्य जावें. परंतु तें कुत्रें दोरीनें बांधलेलें असावें आणि त्या दोरीचें दुसरें टोंक धन्याच्या हातांत असावें. एवढ्या साध्या गोष्टीसाठीं लेख कशाला, असें कोणी म्हणेल. पण ही साधी गोष्ट आमच्या लोकांना पटत नाहीं, आणि ती कां पटत नाहीं हें पाहूं गेलें असतां आपल्या विचारांतला एक जुना दोष उघड होतो. तो दोष ‘रिकामा’ ह्या शब्दांत दडलेला आहे.

ज्या जमिनीवर घर नाहीं, पीक नाहीं आणि झाड नाहीं ती जमीन आम्ही रिकामी समजतों. इंग्रजी अमदानींत ह्या मुलखाची मोजणी झाली ती साऱ्याच्या आकारणीसाठीं. जी जमीन सारा देईना ती दप्तरांत पडीक म्हणून लागली. इंग्रज गेला, दप्तर राहिलें. १९८५ सालीं मध्यवर्ती सरकारनें पडीक जमिनीच्या विकासासाठीं एक राष्ट्रीय मंडळ स्थापन केलें. त्याच्याहि दृष्टीनें गवताळ माळ ही सुधारावयाची वस्तु होती, राखावयाची नव्हे. आम्ही शाळेंत शिकलों तें असें कीं, जंगल तोडलें म्हणजे माळ होतो. सोलापूरच्या माळाविषयीं हें म्हणणें वाटतें तितकें खरें नाहीं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला हा प्रदेश. वर्षाकांठीं साडेपांचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, तोहि लहरी. काळ्या पाषाणावर वीतभर मुरूम. आणि वैशाखांतलें ऊन तर प्रसिद्धच आहे. अशा भूमीवर निसर्ग दाट अरण्य उभें करीत नाहीं, तो गवत उभें करतो. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी हीं गवतें येथें कोणाची जागा बळकावून बसलेलीं नाहींत. हीं ह्या भूमीचीं मूळचीं धनीण आहेत. भाद्रपदांत हिरवा, मार्गशीर्षांत सोनेरी आणि चैत्रांत करडा होणारा हा माळ मेलेला नसतो. तो ऋतूप्रमाणें वेष पालटीत असतो.

हा भेद न ओळखल्याचा परिणाम काय होतो तें नान्नजच्या आसमंतांत पाहावयास मिळालें. अवर्षणप्रवण भागासाठीं आखलेल्या कार्यक्रमाखालीं विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत तेथल्या माळावर कुंपणें घालून झाडें लावण्यांत आलीं. कुंपणामुळें गवत वाढलें, हा लाभ झाला. पण गिरिपुष्पासारखीं परकीं झाडें फोफावूं लागलीं तेव्हां जें गवत राखावयाचें त्याच्यावरच त्यांची सावली पडली. उघड्यावर राहणाऱ्या पाखराला झाड लावून दिल्यानें त्याच्यावर उपकार होत नाहींत. त्याचें घर मोडतें. सद्धेतूनें केलेलें नुकसान तें हेंच. कुत्रें मोकळें सोडणारा गृहस्थ आणि उघड्या माळावर रोपें खोंवणारा उत्साही तरुण हे दोघे एकाच चुकीचे भागीदार आहेत: दोघांनाहि माळावर कांहींच दिसत नाहीं.

वास्तविक तेथें काय आहे? सोलापूर शहरापासून वीस किलोमीटरांच्या अंतरावर नान्नज, मार्डी, अकोलेकाटी, कारंबा, वडाळा ह्या गांवांचे माळ आहेत. ह्या माळांवर माळढोक आहे, ही गोष्ट श्री. बी. एस. कुलकर्णी ह्या सोलापूरच्या पक्षिनिरीक्षकांनीं १९७२ च्या सुमारास जगाच्या नजरेस आणली. १९७९ सालीं अभयारण्य घोषित झालें, तें कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरांचें. त्यांत गांवें, शेतें, बाजारपेठा सर्व कांहीं आलें, आणि जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध पडल्यामुळें शेतकऱ्यांच्या मनांत त्या पाखराविषयीं अढी बसली. पुढें तें क्षेत्र घटवून सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणलें गेलें. अभयारण्य लहान झालें ह्याचें दुःख करण्यापेक्षां पाखरूं नाहींसें झालें ह्याचें करावें. ज्या पक्ष्याला राष्ट्रीय पक्षी करावें असें डॉ. सालिम अली ह्यांचें मत होतें, आणि १९६३ मध्यें ज्याच्याऐवजीं मोराला तो मान मिळाला, तो माळढोक आज सगळ्या जगांत दीडशेंहूनहि कमी उरला आहे. त्यांतले बहुतेक राजस्थानांत आहेत. सोलापुरांत आतां एखाददुसरा दिसला तर ती वर्तमानपत्रांतली बातमी होते.

ह्या पक्ष्याची राहणी पाहा. नर पंधरा किलोपर्यंत वजनाचा, उभा राहिला तर माणसाच्या कमरेच्या वर येणारा. पण मादी अंडें घालते तें उघड्या भुईवर, बहुधा एकच, आणि पावसाळ्याच्या दिवसांत. जवळजवळ महिनाभर ती एकटीच त्यावर बसते. पिलूं पुढें पुष्कळ महिने आईच्या मागें फिरतें. म्हणजे एका अंड्याचा नाश म्हणजे त्या मादीचें एक वर्ष व्यर्थ. २०२४ सालीं जैसलमेर जिल्ह्यांतील केंद्रांत कृत्रिम रेतनाच्या उपायानें ह्या जातीचें एक पिलूं जन्मास आलें तेव्हां साऱ्या देशानें आनंद मानला, आणि तो योग्यच होता. एका पिलासाठीं शास्त्रज्ञांनीं वर्षानुवर्षें खपावें आणि दुसरीकडे आम्हीं आमच्या कुत्र्याच्या व्यायामासाठीं तशाच माळावर दोरी सोडावी, ह्यांतील विसंगति सांगून दाखवण्याची गरज नाहीं.

माळढोक आतां दिसतच नाहीं, मग त्याचें भय कशाला, असा युक्तिवाद ऐकूं येतो. हा युक्तिवाद म्हणजे घरांत चोरी झाली म्हणून दार उघडेंच टाकण्यासारखा आहे. माळावर भुईवरच संसार मांडणारे जीव अजून पुष्कळ आहेत. माळटिटवी, धाविक, पखुर्डी, तित्तिर, चंडोल ह्यांचीं अंडीं मुरमाच्या रंगाचीं असतात. त्यांचें संरक्षण म्हणजे न दिसणें, एवढेंच. काळविटाची मादी पाडसाला पहिले कांहीं दिवस गवतांत निजवून ठेवते आणि स्वतः दूर चरते; पाडस हलत नाहीं. ही युक्ति डोळ्यांनीं शोधणाऱ्या शत्रूपुढें कांहीं अंशीं चालते. नाकानें शोधणाऱ्यापुढें ती बहुधा लंगडी पडते. माणसाच्या पायाखालीं अंडें येणें हा अपघात होय. कुत्रें मात्र हुंगत हुंगत नेमकें तेथेंच पोंचतें.

आणि त्यानें तोंड घातलेंच पाहिजे असेंहि नाहीं. ‘आमचा कुत्रा कांहीं करीत नाहीं, नुसता धांवतो’ हें वाक्य आम्हीं अनेक तोंडून ऐकलें आहे. वैशाखांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि उघडा मुरूम त्याहून तापतो. अशा वेळीं टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठीं नव्हे, तर सावली देण्यासाठीं. पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून ती अंड्यांना गारवा देते. नुसतें धांवणारें कुत्रें जवळ येतांच ती उठते, आकांत करीत डोक्यावर घिरट्या घालते, आणि खालीं धनी मुलांना सांगतो, ‘पाहा, टिटवी कशी ओरडते!’ तेवढ्या वेळांत अंड्यांतला जीव करपतो. कुत्र्यानें खरोखर कांहीं केलेलें नसतें. म्हणून ह्या हिंसेची नोंद कोठें होत नाहीं, आणि म्हणून ती करणाऱ्याला कधीं पश्चात्तापहि होत नाहीं.

आतां लांडग्याकडे वळूं. सोलापूरचा माळ हा लांडग्याचा जुना मुलूख. नान्नजच्या लांडग्यांवर गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सतीशकुमार ह्यांनीं अलीगढ विद्यापीठासाठीं केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. लांडगा आणि कुत्रा हे एकाच कुळांतले, म्हणून एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. पिसाळ तर आहेच. पण ‘डिस्टेंपर’ आणि ‘पार्व्हो’ हे घरच्या कुत्र्यांचे रोग रानांत गेले म्हणजे काय करतात ह्याचीं उदाहरणें ताजीं आहेत. १९९४ सालीं आफ्रिकेंतील सेरेंगेटीच्या माळावर डिस्टेंपरनें सुमारें एकतृतीयांश सिंह दगावले. ती सांथ भोंवतालच्या गांवांतील कुत्र्यांकडून आली होती असें आढळून आलें. २०१८ सालीं आपल्या गीरच्या रानांतहि ह्याच रोगानें सिंहांचे बळी घेतले. इथिओपियांतील बाले नांवाच्या डोंगरी पठारावर, जेथें झाडाचें नांव नाहीं आणि वारा अखंड वाहतो, तेथला दुर्मिळ लांडगा कुत्र्यांकडून आलेल्या पिसाळीनें २००३ सालीं शेकड्यांनीं नव्हे तरी दहांदहांनीं मेला. आणि त्याला वांचवण्याचा उपाय म्हणून तेथें भोंवतालच्या कुत्र्यांना लस टोंचावी लागली. दुसरा धोका संकराचा. पुणें जिल्ह्याच्या माळांवर लांडगा व कुत्रा ह्यांचा संकर झाल्याचें २०२३ मध्यें जनुकांच्या तपासणीनें सिद्ध झालें आहे. बंदुकीनें जें साधलें नाहीं तें लाडक्या कुत्र्याच्या हातून साधावें, ही दैवाची थट्टाच म्हणावयाची.

ह्यावर आमच्या प्रतिपक्षाचे आक्षेप येतात. ते एकेक घेऊन पाहूं.

पहिला आक्षेप असा कीं, धांवणें हा कुत्र्याचा स्वभाव. त्याला बांधणें ही क्रूरता. स्वभावाचा दाखला सर्वत्र लावावयाचा तर रस्त्यावर मोटारीमागें धांवणें हाहि त्याचा स्वभावच आहे. तेथें मात्र धनी दोरी घट्ट धरतो, कारण तेथें त्याचें स्वतःचें कुत्रें मरण्याचें भय असतें. म्हणजे प्रश्न स्वभावाचा नाहीं. कोणाचा जीव जातो ह्याचा आहे. शिवाय माळ हा कुत्र्यालाहि फारसा दयाळू नाहीं. कुसळीचीं कुसळें कानांत, नाकांत आणि बोटांच्या बेचक्यांत शिरतात व आंत आंत सरकत जातात. तापलेल्या मुरमानें पाय पोळतात. दगडांखालीं फुरसें असतें, गवतांत घोणस असते. आणि कठडा नसलेल्या विहिरी तर आमच्या जिल्ह्यांत पावलोपावलीं आहेत. शहरांत गालिच्यावर वाढलेल्या जनावराला ह्यांतलें कांहीं ठाऊक नसतें. दोरी हें त्याचें बंधन तसेंच त्याचें कवचहि आहे.

दुसरा आक्षेप जरा तिखट आहे. धनगरांचीं कुत्रीं मोकळीं फिरतात, त्यांना कोणी बोलत नाहीं. आम्हांलाच कां बोलतां? ह्या प्रश्नांत समतेचा आव आहे, पण समतेचा विचार नाहीं. धनगराचें कुत्रें माळावर कामाला असतें. तें कळपाबरोबर चालतें, कळपापाशीं बसतें, रात्रीं वाड्याभोंवतीं जागतें. लांडग्यानें मेंढरूं नेलें तर त्याच्या धन्याचें त्या महिन्याचें पोट जातें. आमच्या कुत्र्याला माळावर काम कांहीं नसतें. ज्याच्या हातीं काठी आणि खांद्यावर घोंगडें त्याच्या गरजेशीं ज्याच्या हातीं मोटारीची किल्ली त्याच्या मौजेची बरोबरी लावणें हें सुशिक्षितांस शोभत नाहीं. तरीहि येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: रोग काम आणि मौज असा भेद करीत नाहीं. धनगराच्या कुत्र्यालाहि लस हवी. ती घेण्यास तो दवाखान्यांत येईल अशी वाट न पाहतां पशुवैद्यानें मेंढवाड्यावर गेलें पाहिजे. ह्या कामीं शहरांतील कुत्रेप्रेमी मंडळींनीं पैसा आणि वेळ दिला तर त्यांचें प्रेम माळालाहि पावेल. आणि जे कोणी शर्यतीचीं कारवानी कुत्रीं घेऊन सशामागें घालतात त्यांची गोष्ट वेगळीच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यांत ‘शिकार’ ह्या शब्दाच्या व्याख्येंत पाठलाग करणें, हाकून काढणें, इतकेंच काय, पक्ष्याचें अंडें वा घरटें विसकटणें हेंहि येतें. त्याला खेळ म्हणूं नये. तो गुन्हा आहे.

तिसरा आक्षेप मोठ्या कारणांचा. विजेच्या तारा, पवनचक्क्या, कारखान्यांच्या वसाहती, उजनीच्या पाण्यावर पसरलेला ऊंस ह्यांनीं माळ खाल्ला. आमच्या एका कुत्र्यानें काय होणार? ह्यांतील पहिला भाग पूर्ण खरा आहे. माळढोक तारांना आपटून मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २०२१ सालीं तारा जमिनीखालीं घेण्याची आज्ञा द्यावी लागली, आणि २०२४ सालीं तीच आज्ञा सौम्य करावी लागली. एवढा तो प्रश्न अवघड आहे. परंतु मोठें पाप दुसरा करतो म्हणून लहान पाप आपणांस माफ होतें, हें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे? तारा काढणें तुमच्या हातीं नाहीं. दोरी धरणें आहे. शिवाय ‘एक कुत्रें’ हा हिशेबच खोटा. प्रत्येक रविवारीं प्रत्येकाचें एकेकच असतें, पण माळाला त्या सर्वांची बेरीज सोसावी लागते. गांवाबाहेर टाकलेल्या खरकट्यावर आणि मेलेल्या कोंबड्यांवर पोसलेल्या भटक्या कुत्र्यांचे कळप ह्याहून अधिक नुकसान करतात हेंहि आम्हांस मान्य आहे. पण तें खरकटें शहराचें असतें, आणि त्या कळपांत गळ्याला पट्ट्याचा वण असलेलें, हौस फिटल्यावर रात्रीं नेऊन सोडलेलें एखादें जनावरहि असतें. तें कोणाच्या घरांतून आलें?

चौथा आक्षेप विलायतेचा. तिकडे म्हणे लोक उघड्या डोंगरमाळावर कुत्रीं घेऊन मैलोगणती हिंडतात! हिंडतात खरे, पण कायदा पाळून हिंडतात. इंग्लंडांत २००० सालीं लोकांना उघड्या डोंगराळ माळांवर पायीं फिरण्याचा हक्क कायद्यानें मिळाला. त्याच कायद्यानें असें ठरवलें कीं, १ मार्चपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे पाखरांच्या विणीच्या दिवसांत, कुत्रें दोन मीटरांहून अधिक लांब नसलेल्या दोरीनें बांधलेलें असावें, आणि गुरांमेंढरांजवळ तें बारा महिने बांधलेलें असावें. तेथल्या जमीनदारांनीं ग्राउझ पक्षी राखले ते पुढें बंदुकीनें मारण्यासाठीं, ही गोष्ट निराळी. पण मारावयाच्या पाखरासाठीं ज्यांना कुत्रें बांधतां येतें त्यांच्याकडे बोट दाखवून वांचवावयाच्या पाखरासाठीं आम्हीं तें बांधूं नये, हा न्याय अजब आहे. परक्यांची ऐट तेवढी उचलावयाची आणि शिस्त तेथेंच ठेवून यावयाची, ही आमची संवय जुनीच.

आणि परक्यांकडे जाण्याची गरज तरी काय? कुत्र्यासह चालणें आम्हांस नवें नाहीं. सोलापूरच्या वेशीवर बाळ्याला खंडोबाचें ठाणें आहे. त्या देवाचे भक्त स्वतःस त्याचीं कुत्रीं म्हणवून घेतात, वाघ्या म्हणून त्याच्या दारीं उभे राहतात. श्रीदत्ताच्या पायाशीं चार कुत्रीं असतात, आणि तीं पायाशींच असतात. महाभारताच्या अखेरीस धर्मराज हिमालय चढूं लागला तेव्हां एक कुत्रें त्याच्या मागोमाग चाललें. स्वर्गाच्या दारींहि त्यानें त्याला टाकलें नाहीं. ही कथा कुत्रेप्रेमी मंडळी वरचेवर सांगतात, आणि सांगावी अशीच ती आहे. तिच्यांतला धर्म मात्र दुहेरी आहे: धन्यानें कुत्र्याला टाकूं नये, आणि कुत्र्यानें धन्याची सोबत सोडूं नये. त्या कुत्र्याला दोरी लागली नाहीं, कारण तें धर्माचेंच रूप होतें. आमचीं कुत्रीं तशीं नाहींत, आणि आम्हीहि युधिष्ठिर नाहीं. तेव्हां आम्हांला दोन मीटर दोरीचा आधार घेण्यांत कमीपणा वाटूं नये.

मग करावें काय? फार कांहीं नाहीं. माळावर कुत्रें बारा महिने दोरीनें धरावें. मृगापासून कोजागरीपर्यंत गाडीवाट सोडून गवतांत शिरूंच नये. अभयारण्याच्या हद्दींत परवानगीवांचून जाऊं नये, आणि कुत्र्यासह तर मुळींच जाऊं नये. पिसाळीची, डिस्टेंपरची, पार्व्होची लस वेळेवर द्यावी. न पोसवणारें कुत्रें मुळांत आणूं नये. आणलें तर तें मरेपर्यंत आपलें समजावें. आणि मुलांच्या तोंडीं ‘पडीक’, ‘ओसाड’, ‘रिकामा’ हे शब्द आले म्हणजे तेथल्या तेथें त्यांना थांबवून गवताचें आणि पाखराचें नांव सांगावें. आईबापांस तें येत नसेल तर शिकून सांगावें; इतिहास-भूगोलाच्या पाठांइतकाच हा पाठ घरांतल्या वडील माणसांचें काम आहे.

माळ रिकामा आहे असें ज्यांना अजूनहि वाटतें त्यांनीं आपल्या कुत्र्याकडे एकदां नीट पाहावें. मोटारीचें दार उघडतांच त्याचे कान ताठ होतात, नाक वाऱ्याला लागतें, अंग थरथरूं लागतें. रिकाम्या जागेंत कोणतेंहि कुत्रें असें करीत नाहीं. धन्याला जें उभ्या जन्मांत दिसलें नाहीं तें त्याला एका श्वासांत कळलेलें असतें: हा माळ भरलेला आहे. म्हणूनच तें धांवतें, आणि म्हणूनच त्याला धरून ठेवलें पाहिजे.